साहेब सोडत नाहीत

बाबा, भद्रावतीच्या कारखान्यात नोकरी लागत होती तेव्हा तुम्ही का गेला नाहीत? साहेबांनी तुम्हाला सोडलं नाही, की तुम्हालाच जायचं नव्हतं? आईला विचारलं तर ती म्हणते, "मले काय सांगत होते का ते? साहेब सोडत नाई म्हणे, बस." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तेच एक वाक्य आठवावं लागतं, मग त्याच्या मागून बाकीचं येतं. "साहेब मले सोडतच नाई. म्हणते, तू गेला तं हातोडा कोन मारन?" हे तुम्ही चुलीसमोर पाटावर बसून सांगत होतात, घास हातात तसाच धरून, आणि तुमच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ज्या ओंडक्यावर तुमच्या हातोड्याचा छाप नाही तो फाटकाबाहेर जात नसे. मला वाटलं, माझ्या बाबांशिवाय या डेपोतलं लाकूड हलत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तसं सांगितलंही.

आता वनखात्याच्या त्याच लाकूड-डेपोत मी आहे. आलापल्ली मागे टाकून पुढे आलं की उजव्या हाताला तेच फाटक, त्याच सागाच्या थप्प्या, आणि फाटकाशी तोच पत्र्याचा डबा, ज्यात आत जाणाऱ्यानं विडी-काडी टाकायची. मलेरिया मेंदूत चढून तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. तेव्हाचे साहेब घरी आले, म्हणाले, पोरगी शिकू द्या, अनुकंपाखाली तिला घेऊ, तोवर क्वार्टरही राहू दे. आईनं ते वाक्य पदराच्या गाठीत बांधल्यासारखं सांभाळलं. चंद्रपूरला राहून मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली, आणि त्याच उन्हाळ्यात इथे कारकून म्हणून रुजू झाले. त्यामुळे क्वार्टर गेली नाही. अंगणातला नळही गेला नाही. लग्न झाल्यापासून नाल्यावरून डोक्यावर पाणी आणलेल्या बाईला तो नळ म्हणजे काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तर तो भांडून घेतला होता. अजूनही आई सकाळी तो सोडते आणि भांडं खाली धरण्याआधी थोडा वेळ नुसती बघत उभी राहते.

मी लागल्यावर वर्षभरानं नागपूरहून लाकडी खोक्यातून कम्प्युटर आला. इथे सगळे त्याला मशीन म्हणतात. एक मशीन आणि दोन पडदे, एक आमच्या खोलीत, दुसरा साहेबांच्या. जोडायला आलेला इंजिनीअर तरुण होता आणि त्याला परतीची बस गाठायची होती, म्हणून तो भराभर बोलत होता. मी विज्ञानाची म्हणून मलाच त्याच्यासमोर बसवलं. तो म्हणाला, "मोठ्या ठिकाणी माहितीच्या साठ्यावर वेगळा रखवालदार प्रोग्राम असतो. सगळे त्याच्याकडे मागतात, तो काढून देतो. तुमच्याकडे तसं नाही. हा साठा प्रोग्रामच्या पोटातच आहे. एकच फाइल. जो उघडेल तो थेट तिच्यात हात घालतो. तेव्हा जपून." त्या साठ्याला विचारायची एक भाषा आहे, तिला एसक्यूएल म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, ज्या गावांनी यंदा एकही बांबू उचलला नाही ती गावं दाखव. आणि ती गावं एकाखाली एक पडद्यावर आली. बाबा, मला रडू आलं. बुरूड लोकांना टोपल्या-सुपांसाठी सवलतीचा बांबू कार्डावर मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि खिडकीवरून त्यांना "उद्या या" म्हणून किती वेळा परत पाठवलं जातं तेही तुम्ही पाहिलं आहे. मला वाटलं, गावाचं नाव एकदा आत गेलं की त्याला कुणी "उद्या या" म्हणू शकणार नाही.

मग कटकटी सुरू झाल्या. पहिली अशी, की मशीन काहीच घेईना. नोंद करायला गेलं की इंग्रजीत उत्तर यायचं, साठा अडवलेला आहे. बडेबाबू खोलीच्या त्या टोकावरून ओरडायचे, "बाई, तुमची मशीन रुसली पाहा!" बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, पेन्शनला आलेले, सगळं ऑफिस त्यांना त्याच नावानं ओळखतं. मी दोन दिवस पुस्तकं चाळली आणि तिसऱ्या दिवशी उठून साहेबांच्या खोलीत डोकावले. तिथला पडदा उघडा, एक नोंद अर्धी बदललेली, आणि साहेब बंगल्यावर जेवायला गेलेले. या साठ्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं. त्याचं लिहिणं संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. साहेब परत आल्यावर मी सांगितलं, तर म्हणाले, "अहो, माझं काम राहिलंय. बंद केलं तर माझी जागा जाईल ना." मी म्हटलं, "साहेब, ही एस.टी.तली सीट नाही, रुमाल टाकून धरायला." ते मोठ्यानं हसले. माणूस वाईट नाही. तिकडे घाटावरचा आहे, इथली हवा त्यांना सोसत नाही. "बरं, नाही टाकत रुमाल," म्हणाले. दोन दिवस पाळलं, मग पुन्हा तेच. मग "लॉक्ड" आलं की मी मशीनकडे न बघता सरळ त्यांच्या खोलीत जायला लागले.

दुसरी गोष्ट चौकीदारभाऊंची. एका संध्याकाळी ते क्वार्टरच्या दारात आले. "बाई, तुमच्या खोलीत काईतरी वरडून राह्यलं. पाखरू अडकलं वाटते." मी गेले तर ऑफिस काळंकुट्ट आणि मशीनखालचा बॅटरीचा डबा टीं टीं करत शेवटचे श्वास घेत होता. चौकीदारभाऊंनी मेन स्विच पाडला होता आणि साहेबांनी पडदा तसाच टाकून मुक्काम हलवला होता. मी म्हटलं, "भाऊ, मला विचारल्याबिगर मेन पाडत नका जाऊ." तर ते मान हलवून म्हणाले, "दिवस बुडाला का मेन पाडाचा. ठिनगी नाई पाह्यजे डेपोत. तुमच्या बाबानंच शिकवलं मले. तुमी मले दुसरं सांगता?" एवढ्या कोरड्या लाकडात तुमचा नियम बरोबरच होता. मी पुन्हा पुस्तक उघडलं, आणि तिथे मला धीर देणारी एक गोष्ट सापडली. हा प्रोग्राम काहीही बदलण्याआधी जुनं होतं तसं शेजारी एका कच्च्या फाइलीत लिहून ठेवतो. बदल पुरा झाला की ती कच्ची फाइल स्वतःच पुसतो. मध्येच वीज गेली तर ती तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला की तो आधी तिच्यात बघतो आणि अर्धवट झालेलं सगळं मागे फिरवतो. म्हणजे अर्धं काम कधी राहतच नाही. एक तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही. मला ते इतकं आवडलं की मी आईलाही समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हे मानसाले जमलं असतं तं बरं झालं असतं."

याच सुमारास माझ्या हातात दुसरा कागद आला. सिरोंच्याच्या वाटेवरच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची नेमणूक. अर्ज मी कॉलेज सुटल्यावरच केला होता आणि विसरलेही होते. जूनमध्ये शाळा उघडताना हजर व्हायचं. तिथे माडिया मुलं येतात, त्यातली कितीतरी घरातली पहिलीच शिकणारी, माझ्यासारखी. मला काय वाटलं हे मी तुम्हाला वेगळं सांगत नाही. पण दुसऱ्या खात्यात जायचं तर साहेबांनी कार्यमुक्त करावं लागतं. मी अर्ज ठेवला. साहेबांनी तो वाचून पेपरवेटखाली सरकवला. "मशीन नीट चालू लागू द्या, मग बघू." घरी आई म्हणाली, "तू शिकवाले जाशील. अन् मी कुठी जाऊ? तिथी नळ हाये का?" नळ नाही, मी चौकशी केली होती. दोन पत्र्याच्या खोल्या आहेत आणि हातपंप लांब आहे. बाबा, या घरात कुणी कुणाला कोंडत नाही, तरी दार उघडायला गेलं की कुणाचा तरी हात चेंगरतो.

साहेबांची अट मी मनावर घेतली. मशीन असं चालवून दाखवायचं की त्याला माझी गरजच उरणार नाही. चौकीदारभाऊ मेनच्या आधी माझ्या खिडकीवर टकटक करायला लागले, मी नसले की मात्र पाडून मोकळे. डिस्क भरली की छापून झालेले जुने अहवाल कसे पुसायचे ते मी बडेबाबूंना शिकवलं. त्यांना ते फार पटलं. लिहिण्यापेक्षा पुसणं त्यांना आवडतं. आणि नेमकं त्या दिवसांत वरच्या साहेबांच्या तपासणीचं पत्र आलं.

तपासणी म्हटली की इथे काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. झाडांच्या बुंध्यांना चुना, सडकेच्या कडेला गेरू लावलेले दगड, गवत काढायला सगळे. नजरेला खुपेल ते उचलून मागच्या शेडमध्ये. आदल्या संध्याकाळी साहेब त्यांच्या पडद्यावर एक काम करत होते, एका गावाचा बांबू एका कूपातून, म्हणजे तोडीला काढलेल्या जंगलाच्या एका तुकड्यातून, काढून दुसऱ्या कूपाकडे लावायचं. काढून झालं, लावायचं राहिलं, आणि बंगल्यावरून बोलावणं आलं म्हणून ते उठून गेले. मी चुन्याच्या बादलीजवळ होते. दिवस बुडाला, मेन पडला. सकाळी सगळ्यांच्या आधी बडेबाबू आले. तपासणी आहे, तर मशीनही झाडून घ्यावं, असं त्यांना वाटलं. जुने अहवाल पुसले. साठ्याच्या शेजारी एक बारकी, विचित्र नावाची फाइल दिसली. कुणाच्या कामाची वाटली नाही. तीही पुसली. मग त्यांनी मशीनवरची धूळ फडक्यानं पुसली आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं.

तपासणी छान पार पडली. वरच्या साहेबांनी फुलासकट मशीन पाहिलं आणि चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बांबूवाटप. खिडकीवर बुरूडांची रांग, आणि एका गावचं कार्ड पडद्यावर येईचना. बडेबाबूंनी तीन बायकांची कार्डं घेतली, परत दिली, आणि शेवटी म्हणाले, "मशीनमंदी तुमचं गाव नाई."

पुढे उभी होती ती बाई वयानं आईएवढी असेल. ती म्हणाली, "गाव नाई? मंग काल माही चूल कुठी पेटली?"

"आता मशीन नाई म्हनते तं मी काय करू?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं नं बाप्पा! गावच नाई तं आता वसुलीले बी कोनी येत नाई." सगळी रांग हसली. ती बाई हसली नाही. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, जणू गाव मागच्या बाजूला सापडेल, आणि मला म्हणाली, "बाई, तुमीच लिवलं होतं नं आमचं नाव? तुमीच बोल्ल्या होत्या, आता जात नाई म्हनून."

मी बोलले होते, बाबा. याच खिडकीत.

बडेबाबूंना मी विचारलं, काय काय पुसलं? ते निरागसपणे सगळं सांगत गेले. त्या बारक्या फाइलीपाशी आले तेव्हा मी त्यांना तिथेच थांबवलं. प्रोग्रामनं सकाळी उघडल्यावर कच्ची फाइल शोधली असणार, ती नाही म्हटल्यावर सगळं ठीक आहे असं समजला असणार. गाव या कूपातून निघालं होतं आणि त्या कूपात पोचलंच नव्हतं. रांगेला मी मोहाच्या सावलीत बसायला सांगितलं. "उद्या या" मात्र म्हटलं नाही. आधी बिघडलेल्या साठ्याची जशीच्या तशी नक्कल काढली, कारण मूळ साठ्यावर हात चालवला आणि चुकलं तर काहीच उरत नाही. मग शनिवारी साठ्याची नक्कल काढून ठेवलेली फ्लॉपी घातली. साठा आतून धड आहे का ते तपासायची आज्ञा दिली. ती बराच वेळ चालली, तोवर चौकीदारभाऊ मेनच्या खाली स्टूल टाकून बसले, "आज कोनी हात लावून दाखवा." मग विचारलं, शनिवारच्या साठ्यात आहे आणि आजच्यात नाही, असं काय ते दाखव. एकच गाव आलं. तेवढंच उचलून नव्या कूपात लावलं. दुपार कलता कलता त्या बाईनं बांबूचा भारा डोक्यावर घेतला. जाताना म्हणाली, "आता अजून जाईन का वो, गाव?" मी नाही म्हटलं. या वेळी म्हणताना मला जरा वेळ लागला.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. खरोखर खूश होते. चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं?" मी त्यांच्या पेपरवेटकडे बघत होते. "म्हणूनच सांगतो, तुमचा तो अर्ज मी पुढे पाठवत नाही. तुम्ही गेलात तर मशीन कोण बघणार?"

अगदी तेच वाक्य, हातोड्याच्या जागी मशीन. आणि खरं सांगते, ते ऐकताना क्षणभर माझ्या छातीत काहीतरी फुललं. तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते माझ्या चेहऱ्यावर आलं असणार. मग मला भीती वाटली. मशीन जितकं बिघडेल तितकी मी हवी, आणि जितकं मी चांगलं दुरुस्त करीन तितकं मला सोडणार नाहीत. दोन्हीकडून रस्ता बंद. तुम्ही गेल्यावर हातोडा कुणी मारला, बाबा? पुढच्या सोमवारी दुसऱ्या माणसानं मारला. मी पाहिलं होतं, शाळेतून येताना. एकही ओंडका फाटकाशी अडला नव्हता.

त्या आठवड्यात मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं आणि तो मशीनच्या वर भिंतीला टांगला. पडदा लॉक्ड म्हणाला तर मशीनला हात लावू नका, साहेबांची खोली बघा. डिस्क फुल म्हणाला तर छापलेले अहवाल पुसा, दुसरं काहीही पुसू नका. वीज गेली असेल तर साठ्याच्या शेजारची बारकी फाइल कितीही फालतू दिसली तरी तिला राहू द्या, प्रोग्राम उघडा, तो आपलं आपण बघून घेतो. साठा खराब म्हणाला तर आधी नक्कल काढा, दुरुस्ती नकलेवर करा. दर शनिवारी फ्लॉपी. मग मी मुद्दाम साहेबांचा पडदा उघडा टाकून बडेबाबूंना नोंद करायला लावली. "रुसली!" ते ओरडले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. "बाई?" मी म्हटलं, "वाचा." त्यांनी चष्मा वर केला, पाटी वाचली, धोतर सावरत साहेबांच्या खोलीत गेले, आणि परत येऊन नोंद केली. झाली. "अरे, हे तं मले बी जमते," म्हणाले. "मंग एवढे दिवस तुमी काऊन भाव खाऊन राह्यल्या होत्या?" मी हसले. त्यानंतर त्यांच्याकडून मी नकलेवरची दुरुस्तीही करून घेतली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमली. मूळ साठ्याला काही झालं नाही.

कार्यमुक्त करणं साहेबांच्या हातात आहे. राजीनामा देणं नाही. राजीनामा दिला की इथल्या नोकरीची वर्षं धरली जात नाहीत, अनुकंपाची जागा परत मिळत नाही, आणि महिन्याभरात क्वार्टर सोडावी लागते. हे सगळं मी नियमात वाचलं आहे. आश्रमशाळेतल्या मुलांना मी हवी आहे की फक्त मला जायचं आहे, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं, आणि दोन्ही आहे असं वाटतं. आई या क्षणी बाहेर नळावर भांडी घासते आहे. पाणी मोठं सोडलं आहे तिनं, मला आवाज येतो. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि मी ते कुठे ठेवणारही नाही. लिहिते आहे कारण कुणाला तरी आधी सांगायचं होतं, आणि आईला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. राजीनामा मी आज सकाळी दिला. बडेबाबू म्हणाले, "पागल झाली का, पोरी? पक्की नोकरी!" मी म्हटलं, आवक नंबर टाका आणि पोच द्या. पोच माझ्याजवळ आहे.